प्रिंटर अडला की ड्रायव्हर उडवण्याआधी काय तपासायचं

प्रिंट निघाली नाही की बहुतेक जण पहिल्यांदा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकतात. त्यात अर्धा तास जातो, कधी कधी जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर परत सापडतच नाही, आणि शेवटी लक्षात येतं की आत कागदाचा नखाएवढा तुकडा अडकला होता. ड्रायव्हर हे सगळ्यात शेवटी हात लावायचं ठिकाण आहे. त्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: बिघाड प्रिंटरमध्ये आहे, कागदात आहे की संगणकात?

हे कळायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या प्रिंटरला स्कॅनरची काच असेल, तर संगणकाची वायर काढून ठेवा, काचेवर एखादा छापील कागद ठेवा आणि यंत्रावरच्या बटणाने झेरॉक्स काढा. स्वच्छ झेरॉक्स निघाली तर प्रिंटर ठणठणीत आहे. मग दोष वायर, वायफाय किंवा संगणकाचा. झेरॉक्सही फिकी आली किंवा कागद आतच अडकला, तर संगणकाकडे बघण्यात अर्थ नाही. तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. संगणकावरून दिलेली प्रिंट स्वच्छ येते, पण झेरॉक्सवर उभी काळी रेघ येते. ही रेघ स्कॅनरची असते. वरच्या फीडरमधून कागद घालत असाल, तर मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक काचेची पट्टी असते. तिच्यावर गोंदाचा किंवा व्हाइटनरचा एक ठिपका बसला असेल, तर तो प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ होऊन उतरतो. ओलसर मऊ फडक्याने ती पट्टी पुसली की काम झालं. अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नवीन कार्ट्रिज विकल्याचं मी पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

नुसता प्रिंटर असेल, काच नसेल, तर यंत्राच्या स्वतःच्या बटणांनी चाचणीचं पान काढता येतं का, ते माहितीपुस्तिकेत बघा. बटणंच नसतील तर दुसरा लॅपटॉप जोडून पाहा.

प्रिंट दिली, पण काहीच हलत नाही

सुरुवात प्रिंटरच्या यादीपासून करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात का? एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी 'कॉपी १'? यूएसबीची वायर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली की विंडोज अनेकदा त्याला नवा प्रिंटर समजतं. जुनं नाव ऑफलाइन होतं आणि तुमच्या प्रिंट त्या जुन्या नावाकडे जात राहतात. वायर मूळ खाचेत परत घाला, किंवा ज्या नावावर चाचणीचं पान निघतं ते ठेवून दुसरं काढून टाका.

त्याच पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा एक पर्याय असतो. तो चालू असला की तुम्ही शेवटी जो प्रिंटर वापरला, तोच विंडोज ठरलेला प्रिंटर मानतं. सकाळी एखादी फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' निवडून जतन केली की दुपारच्या प्रिंटसुद्धा पीडीएफकडे जायला लागतात. दुकानात किंवा कचेरीत हा पर्याय बंदच ठेवावा आणि आपला प्रिंटर हाताने निवडून द्यावा.

मग क्यू बघा. प्रिंटरचं नाव निवडून 'ओपन प्रिंट क्यू' केलं की थांबलेली कामं दिसतात. वरच्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' किंवा 'पॉज प्रिंटिंग' वर खूण असेल तर ती काढा. एखादं काम 'डिलीटिंग' म्हणत तिथेच बसलं असेल आणि जात नसेल, तर स्पूलर, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग, रिकामा करावा लागतो. तो असा:

१. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडेल. त्यावर उजवं क्लिक करून 'स्टॉप' करा.
२. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'सिस्टिम३२', त्यात 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' असं आत जा. परवानगी विचारली तर द्या.
३. या 'प्रिंटर्स' फोल्डरातल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका, आणि शेजारचे फोल्डर तर अजिबात नाही. ड्रायव्हर तिथेच असतात.
४. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर 'स्टार्ट' करा.
५. आधी एकच साधं पान छापून बघा. तीच जुनी मोठी पीडीएफ लगेच पुन्हा दिलीत, तर पुन्हा तिथेच अडकण्याची शक्यता असते.

वायफायवरचा प्रिंटर सारखा ऑफलाइन होतो

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बदललेला पत्ता. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो. वीज गेली, राउटर परत चालू झाला की प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो, आणि संगणक मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारं पान छापा. त्यावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय पुन्हा जोडा. पत्ता नीट दिसत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच पत्ता या प्रिंटरसाठी राखून ठेवा. मग संगणकावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' जोडा आणि तिथे तो पत्ता घाला. एवढं एकदा केलं की रोजची कटकट संपते.

घरगुती प्रिंटरपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं असेल, तर प्रिंटरला ते दिसणारच नाही. मोबाइल कुठल्याही नावावर असला तरी सहसा चालतं, पण पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर नको. तिथली उपकरणं बहुधा एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय केलेली असते.

एका संगणकाला यूएसबीने जोडलेला प्रिंटर बाकीच्यांनी शेअर करून वापरायचा, ही पद्धत शाळांत, पतसंस्थांत सर्रास दिसते. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये सुरक्षेचं एक मोठं भगदाड सापडलं, 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ते गाजलं. त्यानंतरच्या अपडेट्सनी शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक झाले आणि '११बी'ने संपणारा एरर ठिकठिकाणी दिसू लागला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद बदलून सुरक्षा सैल करायचा उपाय इंटरनेटवर सगळीकडे सापडेल. तो करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद ज्या संगणकावर असतात, तिथे तर नकोच. दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा आणि दोन्हींवर प्रिंटरचा ड्रायव्हर सारखाच टाका. तेवढ्याने भागलं नाही, तर दुसऱ्या संगणकावर प्रिंटर 'लोकल पोर्ट' म्हणून जोडा आणि पोर्टचं नाव म्हणून शेअरचा पत्ता (पहिल्या संगणकाचं आणि शेअर केलेल्या प्रिंटरचं नाव) लिहा. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर नेटवर्कची खाच असलेला घ्या. मग शेअर करण्याची गरजच उरत नाही.

कागद अडकतो

इथे हवामानाचा भाग मोठा आहे. कागद हवेतला दमटपणा शोषतो. जुलैमध्ये रत्नागिरीत किंवा पणजीत उघड्या ठेवलेल्या रीमचा कागद हाताला मऊ लागतो, कडा लाटांसारख्या होतात. असा कागद पुडीने छापणाऱ्या लेझर प्रिंटरमध्ये गेला की आतल्या उष्णतेने एका बाजूचा ओलावा पटकन उडतो, पान गुंडाळतं आणि बाहेर पडता पडता अडकतं. शाई फवारणाऱ्या इंकजेटमध्ये तोच कागद शाई पसरवतो, अक्षरांच्या कडा पिसारल्यासारख्या दिसतात. उलट एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोल्याकडे हवा इतकी कोरडी होते की स्थिर विजेमुळे पानं एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन एकदम आत ओढली जातात.

म्हणून पावसाळ्यात ट्रेमध्ये त्या दिवसाला लागेल तेवढाच कागद ठेवा. उरलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून, जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता, आडवी कपाटात ठेवा. ती वेष्टनं फाडून फेकू नका, ओलावा आत शिरू नये म्हणूनच ती असतात. उन्हाळ्यात गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी चारी बाजूंनी फडफडवून घ्या. रोजच्या कामाला ७० ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) कागद बरा. एका बाजूने छापलेला रफ कागद परत वापरायची काटकसर समजू शकते, पण स्टेपलरची एक पिन आत गेली तर रोलर किंवा ड्रम (लेझरमध्ये पूड कागदावर उमटवणारी नळी) कायमचा चिरतो. पिना नीट तपासा, आणि लेझरमध्ये तर असा कागद टाळाच.

अडकलेला कागद काढताना:

१. आधी प्रिंटर बंद करा आणि वायर काढा. लेझर असेल तर निदान अर्धा तास थंड होऊ द्या, कारण पूड कागदावर वितळवून चिकटवणारा आतला फ्यूझर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो.
२. ट्रे काढा, मागचं झाकण उघडा, लेझरचं कार्ट्रिज बाहेर काढून कापडाखाली झाकून ठेवा. त्याचा हिरवा-निळा चकचकीत ड्रम उजेडात फार वेळ राहिला तर खराब होतो. त्याला बोट लावू नका.
३. कागद ज्या दिशेने पुढे जाणार होता, त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढा. उलटा हिसका दिला की कागद फाटतो आणि आतले चाप वाकतात.
४. बाहेर आलेले तुकडे टेबलावर जुळवून बघा. कोपरा कमी असेल तर तो आतच आहे. मोबाइलचा टॉर्च लावून शोधा.
५. कागदाच्या वाटेत प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, कागद आला की ती खाली दबते आणि गेला की वर येते. हा सेन्सर. तो तुकड्याखाली दबून राहिला, तर आत काहीच नसतानाही यंत्र 'पेपर जॅम' म्हणत राहतं. बोटाने हलकेच दाबून सोडा. झटकन वर यायला हवा.

कागद अडकत नाही, पण उचललाच जात नाही? मग पिकअप रोलर बघा. हा रबराचा चाकासारखा भाग कागदाच्या धुळीने गुळगुळीत होतो. पाण्याने किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं फडकं घेऊन तो फिरवत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुसल्यावर थोडे दिवस चालून परत तेच होत असेल, तर रबर कडक झालं आहे. रोलर बदला. दोन-दोन पानं ओढली जात असतील, तर रोलरसमोरची, पानं एकमेकांपासून सुटी करणारी सेपरेशन पॅड झिजली आहे. दोन्ही भाग स्वस्त असतात आणि जुन्या, भरपूर विकल्या गेलेल्या मॉडेलचे तर सहज मिळतात.

इंक टँक: रंग गायब, पांढऱ्या रेघा

घराघरांत आता शाईच्या टाक्यांचे प्रिंटर आले आहेत, आणि त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे भिंतीवरच्या बोर्डाचं बटण. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की शाई फवारणारं हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि झाकलं जातं. काम चालू असताना थेट बोर्डावरून वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहतं आणि त्याची सूक्ष्म छिद्रं वाळून बंद होतात. आधी प्रिंटरचं बटण, दिवा पूर्ण विझला की मग बोर्डाचं. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा, मुलांनासुद्धा.

पांढऱ्या रेघा दिसल्या की नोझल चेकचं, म्हणजे हेडची ही छिद्रं तपासणारं, पान काढा. त्यावर प्रत्येक रंगाची बारीक जाळी असते. जिथे जाळी तुटली, तो रंग अडला. एकदा हेड क्लीनिंग चालवा, पुन्हा नोझल चेक काढा. लागोपाठ दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा. पाचव्या-सहाव्या क्लीनिंगने काही होत नाही, शाई मात्र भसाभस जाते. एप्सनच्या टँक प्रिंटरमध्ये अशा वेळी किमान १२ तास प्रिंटर बंद ठेवून मग पुन्हा बघतात. त्या वेळात हेडमधले हवेचे बुडबुडे निघून जातात आणि सुकलेली शाई मऊ होते. त्यानंतरही नाही जमलं तर 'पॉवर क्लीनिंग', पण टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच. कमी शाईवर ते चालवलं तर नळ्यांत हवा शिरते आणि दुखणं वाढतं.

क्लीनिंगमध्ये जाणारी शाई कुठे जाते? तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये. ती पॅड भरली की प्रिंटर काम बंद करतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर तेव्हा '५बी००' हा कोड येतो. फुकटच्या सॉफ्टवेअरने नुसता आतला मोजणीचा आकडा शून्यावर आणला, तर प्रिंटर चालू होतो, पण भरलेली पॅड भरलेलीच राहते आणि एक दिवस शाई टेबलावर उतरते. पॅड बदला किंवा धुऊन वाळवून बसवून घ्या, आकडा त्यानंतर.

हेडची रचना माहीत असेल तर दुरुस्तीचा खर्च आधीच ओळखता येतो. एचपी आणि कॅननच्या बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये शाई तापवून बुडबुड्याने फेकणारं हेड असतं आणि ते काढून नवीन घालता येतं. एप्सनमध्ये विजेच्या दाबाने वाकणारे स्फटिक शाई ढकलतात. हेड टिकतं जास्त, पण ते यंत्रातच बसवलेलं असतं आणि बदलायचं झालं तर महाग पडतं. म्हणून त्याच्या बाबतीत शाई बघूनच भरा. एल३८० ला ६६४ नंबरची शाई लागते, एल३२१० ला ००३. बाटलीवरचा नंबर वाचा, रंग बघून भरू नका. आणि आठवड्यातून एकदा चारही रंग येतील असं एक पान छापा, काम असो वा नसो.

लेझर: डाग, रेघा, हाताला लागणारी काळी पूड

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत एचपीचे एम१००५, १०२० आणि कॅननचा एलबीपी२९०० अजूनही नेटाने चालतात. यांच्या कार्ट्रिजमध्ये टोनर (छपाईची काळी पूड) आणि ड्रम एकत्रच असतात. त्यामुळे नुसती पूड भरून सगळे दोष जात नाहीत, ड्रमही झिजलेला असतो.

छपाईवरून दोष ओळखता येतो. पट्टी घ्या आणि मोजा. एकच ठिपका दर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास पुन्हा येत असेल, तर या कार्ट्रिजच्या ड्रमवर ओरखडा आहे, कारण ड्रमचा घेर तेवढाच असतो. वेगळ्या अंतराने येत असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी रोलरवर डाग आहे. सलग उभी बारीक काळी रेघ आली तर ड्रम चिरलाय किंवा तो पुसणारी वायपर ब्लेड गेली आहे. पानाच्या मध्यावर उभा पट्टा फिका पडला तर पूड संपत आली आहे. कार्ट्रिज आडवं धरून हलकेच पाच-सहा वेळा डावी-उजवीकडे हलवा, काही पानं निघतील. पूर्ण पान करडं येत असेल तर बहुतेक वेळा हलक्या दर्जाची पूड किंवा भरून वाहणारा टाकाऊ टोनरचा कप्पा कारण असतो. रिफिल करणाऱ्याला तो कप्पा दरवेळी रिकामा करायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. नवीन कार्ट्रिज घालून कोरं पान आलं, तर सीलची पट्टी ओढायची राहिली आहे.

अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर टोनर कागदावर वितळलेला नाही. ओला किंवा जाड कागद हे पहिलं कारण. जाड कागदासाठी ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बदला, म्हणजे फ्यूझर जास्त तापतो. साध्या कोरड्या कागदावरही तेच होत असेल तर फ्यूझर दुरुस्तीला गेला.

फ्यूझर तापताना एकदम बरीच वीज खेचतो. म्हणून लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. सांडलेली पूड कोरड्या कापडाने टिपा, हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटते, आणि घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती बाहेर फेकली जाऊन खोलीभर पसरते.

मराठी मजकूर छापताना अक्षरं फुटतात

पडद्यावर सगळं नीट, कागदावर मात्र वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली, नाहीतर सरळ चौकोन. यात प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल आणि तो फाँट या संगणकावर नसेल, तर मजकुराचा गोंधळ पडद्यावरही दिसेल. तिथे फाँट बसवणं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलणं हाच उपाय. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक असेल, तर अॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अॅडव्हान्स्ड' उघडून 'प्रिंट अॅज इमेज' वर खूण करा. पान चित्र म्हणून जातं, थोडं हळू छापतं, पण जसंच्या तसं येतं. आणि दुसऱ्याकडे छापायला पाठवायची वर्डची फाइल कधीच तशीच पाठवू नका. पीडीएफ करून पाठवा, किंवा वर्डच्या 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये फाँट फाइलीतच बसवण्याची खूण करा. लग्नपत्रिकेत किंवा न्यायालयाच्या कागदात नाव चुकीचं छापलं गेलं तर ते निस्तरणं फार जड जातं.

खालची ओळ कापली जाते ही तक्रार याहून सोपी. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. अमेरिकेचा 'लेटर' आकार २१६ × २७९ आहे आणि तो अनेक ड्रायव्हरमध्ये आधीपासून निवडलेला असतो. ड्रायव्हरमध्ये आणि फाइलीत, दोन्हीकडे ए४ करा. वकिलांच्या कचेरीत जुन्या नमुन्यांत ए४ पेक्षा लांब असलेला 'लीगल' आकार लपलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए४ कागदाची पद्धत आणली, पण जुने साचे बदलायचे राहून गेले आहेत.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

एवढं करूनही जमलं नाही तर ड्रायव्हर काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेलचं नाव तंतोतंत बघून नवा घ्या. ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका, आणि गुगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरला संगणकाचा ताबा तर मुळीच देऊ नका. कंपनीचा नंबर खोक्यावर किंवा वॉरंटी कार्डावर असतो.

मेकॅनिकला फोन करताना नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. मॉडेल, पडद्यावरचा कोड किंवा कुठले दिवे लुकलुकतात, झेरॉक्स निघते का, दोष किती अंतराने परत येतो, हे सांगा आणि खराब आलेलं पान जपून ठेवा. त्यावरून कुठला भाग सोबत आणायचा ते त्याला कळतं, आणि तुमचा एक फेरा वाचतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. रिकामी कार्ट्रिज आणि बंद पडलेलं यंत्र ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.